विद्यापीठाचं लैंगिक छळविरोधी आणि समता धोरण नव्याने लिहिताना: समितीत पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी

‘धोरण अद्ययावत करण्यासाठी समिती गठित करण्यात येत असून आपली सदस्य म्हणून नियुक्ती करण्यात येत आहे’ असं पत्र हातात पडलं असेल, तर सोबत बहुधा जुन्या धोरणाची एक झेरॉक्स आणि ‘पंधरा दिवसांत मसुदा सादर करावा’ अशी ओळही असेल. नॅकची (उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची) भेट जवळ आली की ही पत्रं जरा जास्तच निघतात. मी अशा समितीत बसलो आहे. कायद्याची पदवी नसलेल्या माणसालाही हे काम नीट करता येतं, फक्त कुठे अडखळायला होतं ते आधी माहीत हवं.

सुरुवातीलाच एक सांगतो. हे धोरण कुलगुरूंसाठी किंवा नॅकसाठी लिहायचं नसतं. ते खरं वाचणारे दोनच. एक, रात्री वसतिगृहाच्या खोलीत मोबाइलवर ‘तक्रार कुठे करायची’ शोधणारी विद्यार्थिनी. दुसरा, वर्षभराने तुमची चौकशी न्यायालयात पाडायला उभा राहिलेला वकील. मसुद्यातलं प्रत्येक वाक्य या दोघांच्या नजरेने वाचलं, तर अर्धे वाद बैठकीतच मिटतात.

१. आधी कागद गोळा करा, लिहायला नंतर बसा

पहिल्या बैठकीआधी ही कागदपत्रं एका फाइलमध्ये असू द्या:

- कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्यासाठीचा २०१३ चा अधिनियम (९ डिसेंबर २०१३ पासून लागू) आणि त्याखालचे नियम
- उच्च शिक्षण संस्थांमधल्या लैंगिक छळाबाबतचे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१५ चे विनियम (राजपत्रात २ मे २०१६ रोजी प्रसिद्ध)
- यूजीसीचे समता विनियम, रॅगिंगविरोधी विनियम २००९ आणि विद्यार्थी तक्रार निवारण विनियम २०२३
- दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्क संरक्षणाचा २०१९ चा अधिनियम
- भारतीय न्याय संहिता आणि पोक्सो कायदा (अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा)
- तुमच्या विद्यापीठाचे परिनियम, कर्मचाऱ्यांचे सेवा नियम, विद्यार्थी शिस्तीचे नियम, वसतिगृहाची नियमावली
- मागच्या काही वर्षांचे अंतर्गत तक्रार समितीचे (छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीचे) वार्षिक अहवाल, नावं झाकून

शेवटचा कागद मागितला की कार्यालयात थोडी चुळबुळ होते. तरी मागाच. वर्षानुवर्षं ‘तक्रारी: निरंक’ असं लिहिलेलं असेल, तर तक्रार करण्याची वाटच कोणाला माहीत नसण्याची शक्यता मोठी.

मग जुनं धोरण एका बाजूला आणि कायदा दुसऱ्या बाजूला ठेवून ओळीने वाचत जा. पहिली गोष्ट हमखास सापडते ती म्हणजे भारतीय दंड संहितेची कलमं. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. लैंगिक छळाचं जुनं ३५४अ आता कलम ७५ आहे, पाठलागाचं ३५४ड आता ७८, आणि ५०९ आता ७९. धोरणाच्या परिशिष्टात, पोस्टरवर, माहितीपत्रकात, जिथे जिथे जुने आकडे आहेत तिथे ते बदला. आणखी एक: अजूनही काही संस्थांची धोरणं कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातल्या मार्गदर्शक तत्त्वांवरच उभी आहेत. तो निकाल पाया म्हणून महत्त्वाचा आहेच, पण आज बंधनकारक चौकट २०१३ चा अधिनियम आणि यूजीसीचे विनियम यांची आहे.

दुसऱ्या संस्थेचं धोरण उतरवून घ्यायचा मोह होईल. संदर्भाला घ्या, पण मी एका मसुद्यात सातव्या पानावर भलत्याच विद्यापीठाचं नाव पाहिलं आहे, आणि तो मसुदा तोवर दोन बैठकांतून मंजूर होऊन आला होता.

२. व्याप्ती: कोण, कुठे आणि कोणाविरुद्ध

‘विद्यापीठ परिसरात घडलेली घटना’ एवढंच लिहून थांबू नका. यूजीसीच्या विनियमांत परिसर म्हणजे फक्त कुंपणाच्या आतली जागा नव्हे. वसतिगृह, कँटीन, वाहनतळ तर आलेच, पण अभ्याससहल, क्षेत्रभेट, इंटर्नशिप, शिबिर, युवक महोत्सव, क्रीडा स्पर्धा आणि संस्थेने पुरवलेलं वाहनही त्यात येतं. मसुद्यात ही ठिकाणं नावानिशी लिहा. सहलीच्या बसमध्ये घडलेल्या प्रकारावर ‘ते कॉलेजबाहेर झालं’ असं म्हणणारा कोणीतरी निघतोच.

माणसांचंही तसंच. कंत्राटी सुरक्षारक्षक, कँटीनचालकाची माणसं, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, बाहेरून आलेले परीक्षक, संशोधन मार्गदर्शक या सगळ्यांना धोरण लागू आहे हे स्पष्ट लिहा. बाहेरच्या माणसाने विद्यार्थिनीला त्रास दिला, तर संस्थेने काय मदत करायची तेही लिहा. कंत्राटदाराच्या करारात ‘आमचं धोरण तुम्हाला बंधनकारक’ हे कलम नसेल, तर ते घालून घेण्यासाठी खरेदी विभागाला आत्ताच पत्र पाठवा. धोरण मंजूर झाल्यावर ते पत्र कोणी पाठवत नाही.

२०१३ च्या अधिनियमाखाली (यापुढे नुसतं ‘अधिनियम’ म्हटलं की हाच) तक्रार करण्याचा हक्क स्त्रियांना आहे. यूजीसीचे विनियम मात्र हेही मान्य करतात की काही पुरुष विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थी अशा छळाला बळी पडू शकतात, आणि संस्थेने त्यांच्या बाबतीतही ठाम पावलं उचलायची आहेत. तेव्हा विद्यार्थ्यांसाठीचा भाग लिंगनिरपेक्ष भाषेत लिहा. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो पुरुषच असला पाहिजे असंही नाही. २०२० मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने एका महाविद्यालयाच्या प्रकरणात स्त्रीने स्त्रीविरुद्ध केलेली तक्रार अंतर्गत तक्रार समितीला ऐकता येते असा निर्णय दिला.

वयाचा मुद्दा बहुतेक धोरणांत सुटलेला असतो. प्रथम वर्षात सतरा वर्षांचे विद्यार्थी असतात, आणि परिसरात कनिष्ठ महाविद्यालय असेल तर प्रश्नच नाही. अठराच्या आतल्या व्यक्तीवरचा लैंगिक गुन्हा कळला की पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाही गुन्हा आहे. ‘समिती आधी चौकशी करेल, मग बघू’ असं वाक्य इथे चालत नाही.

३. अंतर्गत तक्रार समितीची रचना

यूजीसीच्या विनियमांनुसार अंतर्गत तक्रार समितीत ज्येष्ठ महिला प्राध्यापक अध्यक्ष असते. विद्यापीठात ती किमान प्राध्यापक, महाविद्यालयात किमान सहयोगी प्राध्यापक पदावरची हवी. तिच्यासोबत दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि बाहेरचा एक सदस्य. प्रकरणात विद्यार्थी असतील तर तीन विद्यार्थीही बसतात: पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन अशा तिन्ही स्तरांवरून प्रत्येकी एक, पारदर्शक पद्धतीने निवडून आलेले. निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. ही मोजणी दोन्ही प्रकारे करून पाहा. विद्यार्थ्यांसह नऊ जण होतात, म्हणजे किमान पाच स्त्रिया. विद्यार्थ्यांशिवाय सहा, म्हणजे तीन. एका मोजणीत बसणारी समिती दुसरीत अपुरी पडू शकते.

इथे ठरलेले सापळे तीन. कुलगुरू, प्र-कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ प्रशासकीय पदावरची व्यक्ती समितीत बसू शकत नाही. ‘मॅडम अनुभवी आहेत’ म्हणून अधिष्ठातांनाच अध्यक्ष केलेलं अनेक ठिकाणी दिसतं. दुसरा, बाहेरचा सदस्य खरंच बाहेरचा हवा. गेल्या वर्षी इथूनच निवृत्त झालेले सर किंवा विश्वस्तांचे नातेवाईक कागदावर चालून जातील, पण तक्रार घेऊन आलेल्या मुलीला त्यांच्यासमोर बोलता येणार नाही. तिसरा, विद्यार्थी प्रतिनिधी प्राचार्यांनी नेमायचे नसतात.

विद्यापीठाची उपकेंद्रं दुसऱ्या जिल्ह्यांत असतील, तर एका मुख्यालयातल्या समितीवर भागवू नका. अधिनियम प्रत्येक कार्यालयात किंवा शाखेत समिती असावी असं म्हणतो.

आणि कुलगुरूंविरुद्धच तक्रार आली तर? पुष्कळ धोरणं यावर गप्प असतात. नियोक्त्याविरुद्धची, म्हणजे संस्थेच्या प्रमुखाविरुद्धची, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता आणि संपर्क परिशिष्टात द्या, नुसतं ‘कायद्यानुसार’ म्हणून सोडू नका. बैठकीत हा मुद्दा मांडताना आवाज थोडा खाली जातो, पण मांडा.

४. मुदती: सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

वकील सगळ्यात आधी हाच भाग उघडतो. अधिनियमातल्या आणि यूजीसीच्या विनियमांतल्या मुदती काही जागी जुळतात, काही जागी जुळत नाहीत, आणि गोंधळ तिथेच होतो.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायचे. समिती कारणं लेखी नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते. इथपर्यंत दोन्हीकडे सारखं. तक्रार लेखी करता येत नसेल तर लिहून देण्यात मदत करणं ही समितीची जबाबदारी आहे, हे वाक्य मसुद्यात ठळक ठेवा.

तक्रारीची प्रत समोरच्या व्यक्तीला सात दिवसांत, आणि त्या व्यक्तीचं उत्तर दहा दिवसांत. अधिनियमाखालच्या नियमांत हे कामकाजाचे दिवस आहेत, यूजीसीच्या विनियमांत नुसतेच दिवस. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण. अहवाल त्यानंतर दहा दिवसांत.

खरा फरक पुढे आहे. अहवाल मिळाल्यावर कारवाईसाठी अधिनियम साठ दिवस देतो, यूजीसी तीस. अपिलासाठी अधिनियमात नव्वद दिवस, यूजीसीत तीस, आणि अपील कोणाकडे जातं तेही वेगळं. या दोहोंची एका परिच्छेदात खिचडी केलेली धोरणं मी पाहिली आहेत. वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की आपल्याला किती दिवस आहेत. माझा सल्ला असा की कारवाईसाठी कमी मुदत, म्हणजे तीस दिवस धरा, कारण ती पाळली की दोन्ही पाळल्या जातात. पण कायद्याने दिलेला अपिलाचा हक्क धोरणाने कमी करता येत नाही. म्हणून कर्मचारी आणि विद्यार्थी यांच्यासाठी अपिलाचे वेगळे परिच्छेद करा, आणि ते विद्यापीठाच्या विधी सल्लागाराकडून लेखी तपासून घ्या. तोंडी ‘ठीक आहे’ पुरेसं नाही.

‘सक्षम प्राधिकारी कारवाई करेल’ हे वाक्य दिसलं की थांबा. प्राध्यापकाबाबत सक्षम कोण, शिपायाबाबत कोण, कंत्राटी कामगाराबाबत कोण, पीएचडीच्या विद्यार्थ्याबाबत कोण? एक छोटा तक्ता करा आणि पदाचं नाव लिहा. अनुदानित महाविद्यालयात तर नेमणूक संस्थेची, वर्ग प्राचार्यांचे आणि संलग्नता विद्यापीठाची, त्यामुळे फाइल तिघांमध्ये फिरत राहते आणि तीस दिवस कधी संपले ते कोणालाच कळत नाही.

तडजोडीबद्दल दोन गोष्टी पक्क्या लिहा: ती फक्त तक्रारदाराने मागितली तरच, आणि पैशाच्या आधारावर कधीच नाही. समितीने ‘मिटवून टाका’ असं सुचवणं हा तडजोडीचा भाग नव्हे.

अंतरिम दिलाशाची, म्हणजे चौकशी चालू असतानाच्या दिलाशाची, यादी करून द्या. समोरच्याची दुसऱ्या विभागात बदली, तक्रारदाराला तीन महिन्यांपर्यंत रजा, अंतर राखण्याची ताकीद, आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे तक्रारदाराच्या कामाचं किंवा अभ्यासाचं मूल्यमापन त्या व्यक्तीच्या हातातून काढून घेणं. अंतर्गत गुण, प्रबंधावरची सही, प्रयोगशाळेची किल्ली, सुडाच्या बहुतेक वाटा इथूनच जातात. तक्रारदाराला आणि साक्षीदारांनाही या सुडापासून संरक्षण आहे, हे वेगळ्या परिच्छेदात येऊ द्या.

५. चौकशीची पद्धत: घाईने केस पडते

गोवा विद्यापीठातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १२ मे २०२३ च्या निकालात न्यायालयाने तिथली कारवाई रद्द केली. कारण असं की समितीने शेवटी घाई केली आणि संबंधित प्राध्यापकाला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही. याचा अर्थ तक्रारी खोट्या होत्या असा नव्हे. पण पद्धत चुकली, आणि तक्रार करणाऱ्यांच्या सगळ्या वर्षांचं काय झालं याचा विचार करा. चौकशी वेगाने व्हावी आणि न्यायाचीही व्हावी, यासाठी पद्धत लिहूनच ठेवावी लागते.

किमान हे लिहा: प्रत्येक बैठकीला अध्यक्षांसह तीन सदस्य हजर हवेत. दोन्ही बाजूंना एकमेकांची कागदपत्रं आणि जबाब मिळतील. साक्षीदारांना विचारायचे प्रश्न लेखी घेऊन समिती विचारेल, म्हणजे तक्रारदाराला समोरासमोर बसावं लागणार नाही. अधिनियमाखालच्या नियमांनुसार कोणत्याही बाजूला वकील आणता येत नाही. एखादी बाजू सलग तीन सुनावण्यांना कारणाशिवाय आली नाही, तर पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन एकतर्फी निर्णय होऊ शकतो. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा इथे लागत नाही. दोन्ही बाजू तोलून कोणती अधिक संभवनीय वाटते ते पाहायचं असतं, आणि हे एका ओळीत लिहिलं नाही तर सदस्य ‘साक्षीदारच नाही’ म्हणून हात झटकतात.

समितीच्या अहवालानंतर कर्मचाऱ्याविरुद्ध पुन्हा नवी विभागीय चौकशी सुरू करून मुलीला सगळं दुसऱ्यांदा सांगायला लावणं, हा प्रकार थांबवा. मेधा कोतवाल लेले खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानायचा असं स्पष्ट केलं आहे. तुमच्या सेवा नियमांत तशी तरतूद नसेल तर ती करून घ्या.

खोट्या तक्रारीचं कलम बहुतेक सदस्यांना सगळ्यात आधी आठवतं. ते ठेवा, पण सोबत हेही ठेवा की तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही, आणि द्वेषबुद्धी वेगळी सिद्ध करावी लागते. हे कलम पहिल्या पानावर ठेवू नका. ती मोबाइलवर वाचणारी विद्यार्थिनी तिथेच पान बंद करेल.

गोपनीयता दोघांचीही जपायची. नाव फोडल्यास नियमांत पाच हजार रुपयांची तरतूद आहे.

६. भेदभावाचा भाग: कोणतं दार कोणाचं

जात, धर्म, अपंगत्व, लिंगओळख यावरून होणाऱ्या भेदभावाचा भाग पुष्कळदा शेवटी एका परिच्छेदात गुंडाळतात. यूजीसीच्या २०१२ च्या समता विनियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी या तरतुदी आल्या. जातीय छळाच्या आरोपांच्या पार्श्वभूमीवर आत्महत्या केलेल्या रोहित वेमुला आणि पायल तडवी यांच्या आईंनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केल्यावर या तरतुदींच्या अंमलबजावणीवर गंभीर प्रश्न उभे राहिले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या विनियमांचा मसुदा आणला. हा विषय हलता आहे. तुमचा मसुदा मंजुरीला जाईल त्या आठवड्यात कोणते विनियम लागू आहेत ते यूजीसीच्या संकेतस्थळावर पाहून मगच क्रमांक आणि वर्ष घाला.

अडचण ही की खऱ्या घटना कप्प्यांत बसत नाहीत. वसतिगृहात सीनियर मुलींनी नव्या मुलीला तिच्या जातीवरून आणि शरीरावरून रोज छळलं, तर ते रॅगिंग आहे, जातीय भेदभाव आहे, लैंगिक छळही असू शकतो, आणि ती अनुसूचित जातीची किंवा जमातीची असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा गुन्हाही असू शकतो. रॅगिंगच्या व्याख्येत जातीवरून किंवा लैंगिक कलावरून केलेला छळ २०१६ च्या दुरुस्तीने स्पष्टपणे आला आहे. मग तिने चार कार्यालयांत चार अर्ज करायचे का?

म्हणून एक नियम करा: तक्रार कुठल्याही दारात आली तरी घेतली जाईल, पोच दिली जाईल, आणि योग्य समितीकडे पाठवण्याचं काम घेणाऱ्याचं असेल. लैंगिक भाग अंतर्गत तक्रार समितीच पाहील. बाकी भाग कोण पाहील ते ठरवा, आणि जबाब शक्यतो एकदाच घेतला जाईल असं लिहा. गुन्ह्याच्या स्वरूपाच्या तक्रारीत पोलिसांत जाण्यासाठी संस्था मदत करेल, आणि अंतर्गत चौकशी त्यासाठी थांबणार नाही. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी समान संधी धोरण आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी तक्रार अधिकारी या कायद्यातल्याच तरतुदी आहेत, त्यांचे दुवे इथेच द्या.

७. मंजुरी

मसुदा आधी विद्यार्थी, कर्मचारी संघटना आणि वसतिगृह अधीक्षक यांना दाखवा. अधीक्षकांना तर नक्कीच, कारण रात्री अकराला दार त्यांचंच वाजतं. नंतर विधी सल्लागार आणि शेवटी व्यवस्थापन परिषद. शिक्षेच्या तरतुदी विद्यार्थी शिस्तीच्या नियमांत किंवा सेवा नियमांत बदल मागत असतील, तर धोरणाच्या मंजुरीने ते आपोआप बदलत नाहीत. त्यांची वाट वेगळी असते, ती सोबतच सुरू करा.

८. लोकांपर्यंत पोचवणं

गोवा विद्यापीठाच्या प्रकरणातल्या २०२३ च्या त्याच निकालात न्यायालयाने समितीचे सदस्य, त्यांचे संपर्क, तक्रारीची पद्धत आणि धोरण संकेतस्थळावर सहज सापडेल असं ठेवायला सांगितलं, आणि विद्यापीठं-महाविद्यालयंही त्यात धरली. ‘सहज’ म्हणजे पहिल्या पानावरून. स्कॅन केलेली तिरकी पीडीएफ मोबाइलवर वाचता येत नाही आणि शोधताही येत नाही.

मराठी आणि इंग्रजी दोन्ही आवृत्त्या काढा, दोहोंच्या अर्थामध्ये फरक पडल्यास कोणती ग्राह्य ते लिहा. सोबत एका पानाचा सारांश करा: कोणाकडे, कसं, किती दिवसांत, पुढे काय. भाषा ‘प्रस्तुत प्रकरणी’ छापाची नको. पोस्टर लागल्यावर त्यावरच्या क्रमांकावर स्वतः फोन करून बघा, उचलतं का कोणी.

९. मंजूर झाल्यानंतर

सदस्यांचं प्रशिक्षण पहिल्याच महिन्यात ठेवा. वार्षिक अहवाल अधिनियमाप्रमाणे कॅलेंडर वर्षाचा असतो. विद्यापीठाचं कार्यालय सवयीने शैक्षणिक वर्ष धरतं आणि आकडे जुळत नाहीत. समिती न नेमण्यासारख्या उल्लंघनाला नियोक्त्याला पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, आणि यूजीसी अनुदानही रोखू शकते. हे वाक्य वित्त विभागाला पाठवलेल्या टिपणीत घाला, प्रशिक्षणाचा निधी लवकर निघतो.

समितीची मुदत तीन वर्षांची. चालू प्रकरणाच्या मध्यावर ती संपली तर तीच समिती ते प्रकरण पूर्ण करेल की नवी समिती पुढे नेईल, फाइल कोणाच्या कुलुपात राहील, आणि जुने सदस्य गोपनीयतेला बांधील राहतील की नाही, याचा एक परिच्छेद मसुद्यात हवा. तो सहसा शेवटच्या बैठकीत कोणाला तरी आठवतो, तोवर प्रत छपाईला गेलेली असते. पहिल्याच मसुद्यात घालून टाका.